आलोच आहोत तर

आपल्या देशात बजेट दोनदा मांडलं जातं. एकदा १ फेब्रुवारीला दिल्लीत, आणि एकदा एप्रिलच्या अखेरीला आमच्या डायनिंग टेबलावर. अर्थमंत्र्यांना तूट किती ते भर सभागृहात सांगावं लागतं, मला ती बायकोपासून लपवावी लागते. त्यांच्या भाषणाला बाकं वाजवायला निदान सत्ताधारी तरी असतात. आमच्या घरात सगळेच विरोधी बाकांवर.

यंदाचा विषय होता थीम पार्क. वर्गातली ‘सगळी’ मुलं जाऊन आली, असं चिरंजीवांचं निवेदन होतं. सगळी म्हणजे दोन, हे खोदून विचारल्यावर कळलं, पण तोवर बायकोने तारखा बघायला सुरुवात केली होती. शहराबाहेर, हायवेला लागून एक मोठं पार्क आहे. नाव सांगत नाही. त्यांच्याकडे माझा एक फोटो आहे आणि तो चांगला आलेला नाही.

मी एक्सेल उघडलं. तिकिटं, पेट्रोल, टोल, खाणं असे रकाने पाडले आणि शेवटी लिहिलं, ‘किरकोळ: ५०० रुपये’.

“पाचशे? सहा माणसांचं?” बायको म्हणाली.

“किरकोळ म्हणजे असं लागतं तरी काय?”

“महाबळेश्वरला किरकोळमध्ये काय होतं आठवतंय?”

“काय?”

“घोडा.”

तो घोडासुद्धा दोनदा घ्यावा लागला होता, कारण पहिल्या फेरीच्या फोटोत अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, डोळे मिटलेले आले. मी पाचशेचे सातशे केले आणि विषय बदलला.

पार्कांचे दर वारावर ठरतात. शनिवार-रविवार चढे, मधल्या वारी उतरते. मी मंगळवार धरला. माणशी दोनशे, म्हणजे सहा जणांचे बाराशे रुपये एका फटक्यात वाचवले आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

“रजा कुठली टाकणार?” बायकोने विचारलं.

“अर्जित.”

“शिल्लक राहिली की तिचे पैसे मिळतात ना तुम्हाला?”

मिळतात. एका दिवसाचे किती मिळतात हे मला पाठ आहे. दुर्दैवाने तिलाही.

एवढ्यात माझा मेव्हणा आला. पूर्ण किंमत देऊन काही घेणं हा काही लोकांना स्वतःचा अपमान वाटतो, मेव्हण्याला तो दुसऱ्याने केला तरी आपला अपमान वाटतो. “दाजी, काउंटरच्या दराने जाताय? कॉम्बो बघा की!” त्याने मोबाइल पुढे केला. आठ जणांचा ग्रुप झाला की तिकीट माणशी नव्वद रुपयांनी उतरत होतं, वर दुपारचं जेवण, सरबताची कूपनं आणि प्रत्येकाला एक टोपी. फायदा उघड होता. माणशी नव्वद वाचत होते, फक्त माणसं दोन वाढत होती. ती दोन माणसं म्हणजे तो आणि त्याची बायको, हे मला पैसे भरल्यावर लक्षात आलं.

पैसे भरताना शेवटच्या पानावर जीएसटी उगवला. १ जुलै २०१७ला हा कर आला तेव्हा थीम पार्कच्या तिकिटावर तो २८ टक्के होता. जानेवारी २०१८मध्ये तो १८वर आणला. मी हे घरी असं मांडलं, की आपले दहा टक्के वाचले. अण्णा बँकेतून निवृत्त झालेत.

“म्हणजे तू २०१७ साली गेला नाहीस, म्हणून वाचले?”

“हो, तसंच म्हणायचं.”

“मग चंद्रावर न जाऊन आपण आणखी बरेच वाचवलेत. तेही मांड.”

अण्णांना या विषयावर बोलायचा अधिकार आहे. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड झालं, तेव्हा मी हट्ट धरला होता. अण्णा मला घेऊन बोरिवलीच्या धक्क्यावर गेले आणि पलीकडे जाणारी होडी दाखवली. “ती बघ, ती तिकडे जाते,” म्हणाले. मग आम्ही भेळ खाऊन परत आलो. त्या सहलीचं बजेट कोलमडलं नव्हतं.

अण्णांना गप्प करावं म्हणून मी थोडा इतिहास वाचला. १७ जुलै १९५५ला कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं, तेव्हा प्रवेश होता मोठ्यांना एक डॉलर आणि लहानांना पन्नास सेंट. डॉलर तेव्हा पावणेपाच रुपयांना होता. हे ऐकून अण्णांचा चेहरा इतका उजळला, की पुढचं वाचायला नको वाटलं. तो एक डॉलर नुसता आत पाऊल टाकायचा. पाळण्यांचे पैसे वेगळे. त्याच वर्षी कूपनांची पुस्तकं निघाली. साध्यासुध्या पाळण्यांना ‘ए’ कूपन, त्याहून बऱ्यांना ‘बी’ आणि ‘सी’. १९५६मध्ये ‘डी’ आलं, १९५९मध्ये सगळ्यात झकास राइडसाठी ‘ई’. लोकांची ‘ई’ लगेच संपायची आणि ‘ए’ उरायची. ही पद्धत १९८२पर्यंत चालली आणि तोवर अमेरिकेतल्या घरोघरच्या खणांमध्ये न वापरलेली ‘ए’ कूपनं साठली. ते वाचून मला धीर आला. आमच्या घरातही एक खण आहे.

त्या उद्घाटनाच्या दिवसाची एक गोष्ट तर मला फारच आवडली. निमंत्रणं मोजकी होती, पण खोटे पास घेऊन हजारो लोक घुसले. एका इसमाने कुंपणाला शिडी लावली आणि माणशी पाच डॉलर घेऊन लोकांना आत उतरवलं. दुसऱ्या दिवसापासून फाटकातून जायचे एक आणि त्या दिवशी कुंपणावरून जायचे पाच. तरी लोक शिडीवर चढले, कारण आपण काहीतरी शक्कल लढवून आत आलो याचा आनंद चार डॉलरचा असतो. तो शिडीवाला माझ्या मेव्हण्याच्या नात्यातला असावा, असा मला दाट संशय आहे.

आता खाण्याचा प्रश्न. पार्कच्या नियमांत लिहिलं होतं, बाहेरचं खाणं-पिणं आत नेता येणार नाही. आईने तोवर दशम्यांचं पीठ काढून ठेवलं होतं.

“आई, नेऊ देत नाहीत गं.”

“सगळीकडेच नाही नेऊ देत?”

आईशी खोटं बोलवत नाही. “अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्ये नेऊ देतात. फक्त काचेची बरणी नको आणि गरम करावं लागेल असं काही नको.”

“मग तिकडेच जाऊया की. दशम्या गारच छान लागतात. आणि लोणचं काय, मी प्लॅस्टिकच्या डबीत घेईन.”

शेवटी आईने नियम नीट वाचून घेतले. औषधं आणि तान्ह्या मुलांचं खाणं चालतं, एवढं तिने ध्यानात ठेवलं आणि पीठ मळायला घेतलं.

मंगळवारी पहाटे निघालो. टोलनाक्यावर फास्टॅग वाजेना. टॅगमध्ये शिल्लक ठेवणं म्हणजे स्वतःचा पैसा बिनव्याजी अडकवणं, असं माझं तत्त्व आहे. तत्त्वाची किंमत मोजावी लागते. त्या टोलनाक्यावर रोखीत ती दुप्पट होती.

“हे कुठल्या रकान्यात?” मागून बायकोचा आवाज आला.

“किरकोळ.”

पार्कच्या फाटकावर रखवालदाराने आईची पिशवी उघडली.

“आजी, खाणं आत नाही नेता येणार.”

“अरे, पथ्याचं आहे. मला शुगर आहे.”

त्याने डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि खाली बेसनाचे लाडू.

“शुगर आहे, मग हे लाडू?”

“एकदम उतरली तर?”

त्याच्यापाशी उत्तर नव्हतं, पण नियम होता. डबा तिथेच ठेवून जायचा की टाकायचा, असा पेच पडला. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. म्हणून सकाळी दहा वाजता, पार्किंगच्या उन्हात, आम्ही आठ जणांनी चोवीस दशम्या आणि डबाभर लाडू उभ्याने संपवले. समोर फाटक उघडलं होतं, आत गाणी वाजत होती, दर मिनिटाला आमचं तिकीट वाया जात होतं आणि आई म्हणत होती, “सावकाश खा.”

आता खरी परीक्षा खिडकीवर होती. आपल्याकडच्या बऱ्याच पार्कांत मूल वयाने ठरत नाही, उंचीने ठरतं. इथे रेघ १४० सेंटिमीटरची होती. तिच्या खाली लहान, वर गेला की पूर्ण तिकीट. चिरंजीवांना उंच करण्यासाठी आमच्या घरात वर्षभर मोहीम चालू आहे. दारात लोंबकळायची दांडी आहे, रोज दूध आहे, आणि चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. शेवटची खूण १४१ची.

“बूट काढ,” बायको कुजबुजली. “केस चापून बसव. आणि थोडं पोक काढून उभा राहा.”

“आई, तूच रोज ताठ उभा राहा म्हणतेस!”

“ते घरी.”

तो श्वास सोडून, मान खांद्यात घालून उभा राहिला. एकशे साडेएकोणचाळीस! आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून जो सुस्कारा सोडला, तसा त्याच्या जन्मावेळीही सोडला नव्हता. त्याच्या मनगटावर लहान मुलांचा पट्टा बांधला गेला.

पाठोपाठ अण्णा. ज्येष्ठ नागरिकांना सवलत होती. अण्णा सकाळी बागेत फिरायला जातात तिथे त्यांचं वय अडुसष्ट आहे. खिडकीवर त्यांनी ते आधारकार्डासकट पंच्याहत्तर केलं, वर जरा खोकलेही. आत शिरल्यावर पहिल्याच मोठ्या पाळण्यापाशी पाटी होती: रक्तदाब, हृदयविकार आणि पाठदुखी असणाऱ्यांनी बसू नये.

“मला काय झालंय?” अण्णा अडुसष्टवर परत आले होते.

“अण्णा, मघाशी खोकत होतात.”

“तो तिकिटाचा खोकला होता.”

कशीबशी समजूत घालून आम्ही त्यांना एका थंडगार सभागृहात बसवलं. तिथे तासातासाला एक छोटा सिनेमा दाखवत होते. अण्णांनी तो दिवसभर पाहिला, म्हणजे त्याच्यासमोर झोप काढली. पुढे मी हिशेब केला तेव्हा पार्क सगळ्यात स्वस्त अण्णांनाच पडलं होतं. सवलतीचं तिकीट, सात तासांचा एसी आणि मधे कुणी “चला, चला” म्हणायला नाही.

मी मात्र वसुलीला लागलो होतो. तिकिटाला राइडच्या संख्येने भागायचं, की दर निघतो. एकच राइड घेतली तर ती अकराशेला पडते. दोन घेतल्या की साडेपाचशे. अकरा घेतल्या तर शंभर. आपण शंभराच्या खाली आणायचंच, असा मी चंग बांधला. पण पहिल्याच रांगेत तास-सव्वा तास गेला आणि राइड दोन मिनिटांत संपली. भाव उतरेना. मग ज्या राइडला रांग नव्हती, तिच्यावर मी बसलो. ती हळू फिरणाऱ्या हत्तींची होती. माझे गुडघे कानांपाशी आले होते.

“काका, तुमचं मूल कुठाय?” चालकाने विचारलं.

“रोलर कोस्टरच्या रांगेत.”

त्याने मला एक चक्कर मारू दिली. ही माणुसकी मी विसरणार नाही. दर तिथे अकराशेवरून साडेपाचशेवर आला.

बारा ते दोन कॉम्बोचं जेवण होतं. पोटात तीन-तीन दशम्या आणि लाडू असल्यामुळे कुणालाच भूक नव्हती. पण पैसे भरलेले होते. पुरी, छोले, जिरा राइस आणि गुलाबजाम आम्ही कर्तव्य म्हणून जेवलो. सरबताची कूपनं उरली, कारण ती फक्त पलीकडच्या टोकाच्या टपरीवर चालत होती आणि ती टपरी मंगळवारी बंद. मधल्या वारी दर उतरतात ते का, याचा उलगडा तिथे झाला.

तहान लागली तेव्हा पाणी विकत घेतलं. डिस्नेलँडच्या उद्घाटनाच्या वेळी प्लंबरांचा संप होता. प्यायच्या पाण्याचे नळ करायचे की संडास, एवढाच वेळ उरला होता. वॉल्ट डिस्नीने संडास निवडले आणि लोकांना वाटलं, की हा आपल्याला शीतपेय विकत घ्यायला लावतोय. मी ही हकीकत काउंटरवरच्या मुलाला सांगितली. तो म्हणाला, “सर, बाटली गार देऊ की साधी?”

चारच्या सुमाराला मुख्य रोलर कोस्टरपाशी पोहोचलो. रांग बघून बायको म्हणाली, “फास्ट ट्रॅक घेऊया का? आलोच आहोत तर.”

आमच्या घरातलं हे सर्वांत महागडं वाक्य आहे. घरून निघताना जो माणूस टोलचे सुटे मोजून घेतो, तोच पार्कात पोहोचला की “एवढं आलोच आहोत तर” म्हणून पाकीट काढतो. मेव्हण्याने दुजोरा दिला, “दाजी, वेळेचीही किंमत असते.” कुणाच्या, हे त्याने सांगितलं नाही. भरली मी.

फास्ट ट्रॅकने फाटकापाशी आलो आणि तिथल्या मुलाने चिरंजीवांना अडवलं. या राइडला किमान उंची १४० सेंटिमीटर हवी होती.

“आहे की,” बायको म्हणाली. “एकशे एक्केचाळीस आहे. मोजून बघा.” चिरंजीवांनी इतकी छाती काढली, की बटण तुटलं.

मुलाने मनगटावरचा पट्टा पाहिला. “मॅडम, हा पट्टा एकशे चाळीसच्या खालच्यांना देतात.”

“सकाळी होता खाली,” मी म्हणालो. “वाढीचं वय आहे.”

तो मुलगा चांगला होता. हसला नाही. खिडकीवर जाऊन फरक भरला तर पट्टा बदलून मिळेल, म्हणाला. मुलाची उंची वाढावी म्हणून आम्ही आजवर दुधावर जेवढा खर्च केला, त्यातला एकही रुपया इतक्या झटपट लागू पडला नव्हता.

कोस्टरवर मी बसलो. वर चढताना लाडू, दशम्या, छोले आणि गुलाबजाम आपापल्या जागी होते. उतरताना त्यांच्यात जागेवरून वाद झाला. खाली आल्यावर बाहेर पडायच्या वाटेवर एक पडदा होता आणि त्यावर आमचे फोटो. सर्वांत तीव्र उताराला ते बरोबर टिपतात. फोटोत चिरंजीव हात वर करून हसत होते. शेजारी डोळे मिटलेला, तोंड उघडलेला, कुलदैवताचं नाव घेणारा इसम मी होतो. फ्रेमसकट त्याची किंमत विचारली आणि मी डोळे परत मिटले.

“नको,” मी म्हणालो.

“घ्या हो,” बायको म्हणाली. “अण्णांच्या घोड्याच्या फोटोशेजारी लावू.”

मग पाण्याचे खेळ. तिथे सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. ते भाड्याने मिळतात, वर डिपॉझिट. लॉकरला भाडं, किल्लीला डिपॉझिट. डिपॉझिट परत मिळतं, त्यामुळे तो खर्च नव्हे, हे मी एक्सेलमध्ये आधीच ठरवून टाकलं होतं. ते परत मिळालंही. मेव्हण्याला मिळालं. “हिशेब नंतर करू, दाजी,” म्हणाला. आईने नायलॉनचे कपडे हातात घेऊन उलटसुलट पाहिले, मला परत दिले आणि ती सामान राखत बसली. तिच्या मांडीवर आमचं सगळं सामान होतं. लॉकर दिवसभर रिकामा राहिला, कुलूप लावून.

बाहेर पडायचा रस्ता दुकानातूनच जातो. दुकानातून जाण्याऐवजी कुंपणाला शिडी लावून कुणी माणशी पाच डॉलर मागितले असते, तर मी आनंदाने दिले असते. कन्येने एक डायनोसॉर छातीशी धरला.

“बेटा, घरी आहे ना आपल्याकडे डायनोसॉर?”

“बाबा, तो शाकाहारी आहे.”

या युक्तिवादावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. मांसाहारी डायनोसॉर गाडीत बसला. टोपी कॉम्बोत फुकट मिळाली होती, ती कुणीच घातली नाही. आठही टोप्या आता आमच्या त्या खणात आहेत, सरबताच्या कूपनांखाली.

रात्री मी हिशेबाला बसलो. तिकिटं ठरल्याप्रमाणे, पेट्रोल ठरल्याप्रमाणे. दुप्पट टोल, फास्ट ट्रॅक, उंचीचा फरक, नायलॉन, लॉकर, पाणी, फोटो आणि मांसाहारी हे सगळं ‘किरकोळ’मध्ये टाकलं. त्या रकान्याची बेरीज आठ तिकिटांच्या बेरजेहून जास्त निघाली. मी बायकोपासून लॅपटॉपचा पडदा जरा तिरपा केला. तिने तो सरळ केला, आकडा वाचला आणि म्हणाली, “बरं झालं मंगळवारी गेलो. बाराशे वाचले.”

तेव्हा वाचकहो, सुट्टीत मुलांना घेऊन जाणार असाल तर अवश्य जा. बजेटही करा, पण सर्वांत वरच्या ओळीत ‘किरकोळ’ लिहा, त्यापुढे तिकिटांइतकीच रक्कम मांडा आणि उरलेल्यात तिकिटं बसतात का बघा. टॅगमध्ये पैसे भरा. दशम्या घरीच खाऊन निघा. मूल एकशे चाळीसच्या आसपास असेल तर ते दिवसभर कुठल्या उंचीचं राहणार, हे घरीच ठरवा. आणि मेव्हण्याला तारीख सांगू नका. सांगायचीच वेळ आली, तर रविवार सांगा आणि मंगळवारी जाऊन या.